‘हो साहेब’ म्हणणारी पोरं

११ नोव्हेंबर २०२४, सांगली

क्रांतीनं निघताना ही डायरी पिशवीत टाकली. खताच्या दुकानाची आहे, कव्हरवर टोमॅटो. म्हणाली, "तिकडं जे वाटंल ते हिच्यात लिवा. पोरांच्या डोक्यावर ओतू नका." बायको अशीच बोलते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो, पण वडूजजवळच्या आमच्या वस्तीवर हुद्दा अजून तिचाच वरचा.

काम असं आहे. बालगृहात वाढलेली मुलं अठरा पूर्ण झाली की तिथून बाहेर पडतात. ज्यांना जायला घरच नाही, त्यांच्यासाठी एका संस्थेनं विश्रामबागेत तीन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलंय. मुलांनी एकत्र राहायचं, आपलं आपण रांधायचं, कामाला जायचं आणि एकवीस पुरी झाली की स्वतःच्या पायावर बाहेर पडायचं. घरात एक मोठं माणूस असावं म्हणून मी.

संस्थेच्या शिवांजली मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, "सुभेदार, तुम्ही शिकवायचं काही नाही. सोबत राहायचं." आता शिकवायचं नाही तर मला काय शोभेला आणलंय? मी मान हलवली आणि संध्याकाळी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं.

१४ नोव्हेंबर

तीन पोरं आहेत. बाळासो, शिवतेज आणि सूरज. बाळासो बेकरीत, शिवतेज कपड्याच्या दुकानात, सूरज कुपवाड रस्त्याला केरबा मिस्त्रीकडं. उसाच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यांची तार नव्यानं भरायचं दुकान आहे ते.

पोरं सोन्यासारखी आहेत, खोटं कशाला बोलू. शिट्टी वाजवली की उठतात. ताट धुऊन रांगेत उभी राहतात. आंघोळीला जाऊ का विचारून जातात. काहीही सांगा, "हो साहेब." माझ्या स्वतःच्या मुलानं माझं आजवर एवढं कधी ऐकलेलं नाही. तो पुण्यात असतो आणि फोनवर "बघू" म्हणतो.

अडाणीपणाही आहे. बाळासोनं काल भात लावला तो साठ जणांचा. बालगृहात तो स्वयंपाकघरात मदतीला असायचा, त्यामुळे त्याचा हात तेवढाच बसलाय. दोन दिवस आम्ही भात खातोय. शिवतेजला भाजी आणायला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत आला. म्हणाला, कुठली आणायची ते सांगितलं न्हवतं साहेब. बाजारात एवढ्या भाज्या, एक उचलायला काय झालं होतं? मी वांगी सांगितली. वांगी आली. शिस्त म्हणतात ती हीच.

२० नोव्हेंबर

मॅडम आल्या होत्या. शिट्टी ऐकली त्यांनी. वेळापत्रकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे बालगृहात होतंच की सुभेदार. मी म्हणालो, होतं म्हणून तर पोरं वळणाला आहेत. त्या हसल्या, पण ते हसणं मला काही बरं वाटलं नाही. दिवसभर डोक्यात घोळतंय. घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजायची वेळ आलीय.

३ डिसेंबर

आज मोठी गोष्ट कळली. सूरज भरतीची लेखी परीक्षा पास आहे. अग्निवीरची. बालगृहातल्या सरांनी यंदा तिथून बाहेर पडलेल्या सगळ्याच पोरांचे फॉर्म भरले होते, त्यात हा एकटा निघाला. मैदानी चाचणी फेब्रुवारीत आहे आणि आमच्या ह्या पठ्ठ्यानं कुणाला सांगितलंही नाही.

मी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून हिशेब मांडला. पोरगा आटपाडीच्या स्टँडवर सापडलेला, आईबापाचा पत्ता नाही. संस्थेनं लावलेली जन्मतारीख एक जून. म्हणजे येत्या एक जूनला एकवीस पूर्ण, हे घर बंद. भरतीचं वयही तिथंच संपतं. ही चाचणी गेली की दोन्ही दारं बंद. आणि फौजेत गेला की जेवण, कपडा, बिछाना, नाव, सगळं एका झटक्यात. घर नसलेल्या पोराला ह्याहून मोठं घर कुठलं?

त्याला विचारलं, "फौजेत जायचं ना?"

"हो साहेब."

मला एवढा आनंद झाला की क्रांतीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चार वर्सांनी ती परत सोडणार न्हवं? मग कुठं जायाचं त्यानं?" तिला नेहमी शेवटचंच आधी दिसतं. म्हशींना वैरण घालायची आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

९ डिसेंबर

पहाटे सूरजला घेऊन पळायला. मी सायकलवर, तो पायी. पाय लांब आहेत, छाती भरलेली. नुसता वाराच आहे गड्या.

एक खोड आहे. मध्येच वेग कमी करतो. एखाद्या घराच्या फाटकाशी, कुठं जिन्याखाली. परवा शंभर फुटी रस्त्यानं जाताना एका दाराला ‘खोली भाड्याने देणे आहे’ असं लिहिलं होतं, तिथं तर चक्क थांबला. मी ओरडलो. "हो साहेब" म्हणून पुन्हा पळाला. दम पुरत नाही, दुसरं काय. उद्यापासून भिजवलेले हरभरे आणि गूळ.

५ जानेवारी २०२५

केरबा मिस्त्री दुकानात भेटले. तोंड वाकडं. म्हणाले, पोरगं हल्ली बसल्या जागी पेंगतंय, पळवून पळवून पाय मोडाल त्याचं. वर म्हणाले, सूरजनं स्वतःसाठी एक मोटार भरून ठेवलीय, भंगारातली. मी विचारलं, स्वतःसाठी म्हणजे? ते म्हणाले, खोली झाली की पाण्याला लागंल म्हणतोय. मी हसलो. बॅरेकमध्ये मोटार लागत नाही, मिस्त्री. ते काही हसले नाहीत.

१९ जानेवारी

मॅडमनी आज सरळ विचारलं, "सूरजला फौजेत जायचंय का?"

मी म्हणालो, त्यालाच विचारा. त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "साहेब म्हणतात ते बरोबर हाय." मी मॅडमकडं पाहिलं, झालं समाधान? त्या म्हणाल्या की मी तुझं विचारलं, साहेबांचं नाही. सूरजनं आमटीचं पातेलं पुढं ओढलं. मग आमटी वाढू का म्हणाला.

ह्या शिकलेल्या लोकांचं हे असं. समोरचा हो म्हणतोय तर त्यात आणखी काय शोधायचं? पण मॅडम गेल्यावर मला बसवेना. गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन आलो. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, पण बिस्तरा तपासला, पोरांची कपाटं तपासली, सगळं जागेवर होतं.

१२ फेब्रुवारी

उद्या चाचणी. कोल्हापूरला मुक्काम. सूरज जेवला नाही. मी त्याला म्हणालो, अरे माझ्या भरतीच्या आदल्या दिवशी मलाही घास गेला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, तुमाला जायचं हुतं का?" हा काय प्रश्न झाला. आमच्या गावात घरटी एक फौजेत असतो. थोरल्यानं ऊस बघायचा, धाकट्यानं भरतीला जायचं. मी धाकटा. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. असं त्याला सांगितलं. 

१३ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी

लिहितो. न लिहून जीव थाऱ्यावर येत नाही.

मैदानाला जाळी होती. आम्ही बाहेर, सगळ्यांचे बाप, चुलते, मामा. चार फेऱ्या मारायच्या होत्या. सूरज दुसऱ्या फेरीलाच पुढं निघाला. शेजारच्या माणसानं विचारलं, कोण पोरगा तो? मी म्हणालो, आमचा. तिसऱ्या फेरीत त्याच्या आणि मागच्याच्या मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा होती. चौथ्या फेरीत शेवटचं वळण घेतलं आणि तो पळायचा थांबला. पडला नाही. पाय मुरगळला नाही. सावकाश बाजूला गेला आणि गवतात बसला. मागची पोरं त्याच्यासमोरून पळत गेली. तो बुटाच्या नाड्या सोडत बसला होता.

जाळीला धरून मी एवढा ओरडलो की शिपायानं मला मागं लोटलं.

बसमध्ये मी पुढं बसलो. तो मागं. सांगलीला उतरल्यावर मी म्हणालो, चल. त्यानं सवयीनं "हो साहेब" म्हटलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही, आता लिहिताना येतंय.

घरी मी त्याला धारेवर धरलं. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. भाकरी दिली, कपडा दिला, पाठीशी उभं राहिलो, आणि तू ताटात माती कालवलीस, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. बाळासो आणि शिवतेज भिंतीला चिकटून उभे. सूरज सगळं ऐकत होता. मी दम खायला थांबलो तेव्हा तो बोलला.

"साहेब, मला पळता येतंय. मला न्हाई म्हणता येत न्हवतं. आमी ल्हानपणापास्नं हो म्हणूनच वाढलो. हो म्हणलं की जेवण. तुमाला तोंडावर न्हाई म्हणायला जमलं न्हाई, म्हणून बसलो."

मी विचारलं, मग पाहिजे काय तुला?

"खोली. माझी. आतनं कडी लावता यील अशी."

मी बाहेर निघून आलो. रागानं आलो असं त्यांना वाटलं असेल. राग होताच. पण दुसरंही काहीतरी होतं आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

१७ फेब्रुवारी

सूरजशी बोलणं बंद आहे. शिट्टी वाजवली, दोघे उठले. सूरज आधीच उठून कामाला गेला होता.

क्रांतीला फोन केला. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. म्हणाली, "आवं, तुमी पेन्शनीत घरी आलासा तवा दोन महिनं चहाला बी शिट्टी मारायचासा. मी तवाच म्हणलं, ह्यांना आधी माणसात ऱ्हायला शिकवाय पायजे."

मी म्हणालो, म्हणून मला इकडं पाठवलंस का? ती म्हणाली, व्हय. आणि हसली. मला हसू आलं नाही. सहा जणांच्या घरातली बाई ती, तिला काय कळणार घर नसणं म्हणजे काय. असं मनात आलं आणि मग लगेच मनात आलं की तुला तरी काय कळतंय लालासाहेब? वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वस्तीवरून निघालास तो बॅरेकमध्ये. तिथून ह्या घरात.

२ मार्च

भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. मॅडमसाठी नाही. कडेनं फाटलं होतं.

शिट्टी परवा रात्रीच कपाटात ठेवली. काल सकाळी तिघेही उशिरा उठले. बाळासोची बेकरीची पाळी हुकली आणि त्याला मालकाच्या शिव्या खाव्या लागल्या. आज त्यानं स्वतः मोबाइलला गजर लावला. मी काही बोललो नाही. न बोलणं हे पळण्यापेक्षा दमवणारं काम आहे.

१६ मार्च

सूरजबरोबर खोली बघायला निघालो. मीच म्हणालो, येतो. तो म्हणाला, "या." एवढंच.

दिवसभर हिंडलो. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आईवडलांना घेऊन या. नसतील तर मामाला आणा, चुलत्याला आणा. एका ठिकाणी खोली पसंत पडली, मालकही बरा, पण बालगृह हा शब्द ऐकला आणि त्याला अचानक आठवलं की खोली मेव्हण्याला द्यायची आहे. मी फौजेचं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, तुम्हाला देतो की साहेब, आजच या.

परतताना मी सूरजला म्हणालो, उद्यापासून तू माझा पुतण्या. आडनाव माझं सांगू, गाव वडूज. कोण तपासायला जातंय?

"न्हाई साहेब."

अरे, खोली मिळेल.

"तुमच्या नावावर मिळंल. मग तुमी सांगाल तसं ऱ्हावं लागंल. आन कवातरी कळलं तर मी खोटा."

आता ह्याला नाही म्हणायची चटकच लागली. मी चिडलो, पण पूर्वीसारखा नाही. ह्यावेळी नाही म्हणताना त्यानं माझ्याकडं बघून म्हटलं होतं.

२८ एप्रिल

अजून खोली नाही. एक जून अंगावर येतोय. मी झोपत नाही नीट, पोरगा मात्र रोज कामावरून येताना दोन घरं विचारून येतो. नाही ऐकून येतो, जेवतो, झोपतो. नाही ऐकायचं त्याला पहिल्यापासूनच माहीत असावं. म्हणायचं तेवढं नवीन.

मॅडम म्हणाल्या की फारच अडलं तर मुदत वाढवून मागू. सूरजला हे सांगितलं तर तो म्हणाला, मागा, पण मी शोधतोय.

११ मे

मिळाली. मिरजेत, रेल्वेच्या वर्कशॉपमागे. घरमालकीण चंद्राबाई म्हणून एक म्हातारी आहे. मुलगी आणि जावई मुंबईला, ही एकटी. मागच्या अंगाला पत्र्याची खोली, आत मोरी, दार लाकडी.

मी सोबत होतो, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं सूरजनं. म्हातारीनं विचारलं, कुणाच्यातला रं तू?

"आईबाप न्हाईत आज्जी. बालगृहात वाढलो. केरबा मिस्त्रीकडं मोटारी भरतोय. त्यांना इचारा."

म्हातारीनं त्याला खालवर न्याहाळलं. माझ्या जिभेवर येत होतं की मी सुभेदार लालासाहेब, मी जामीन राहतो. दात ओठात रुतवून बसलो. ती म्हणाली, दारू? न्हाई. पोरी आणशील? न्हाई. रातचं गाणी लावशील? सूरज थांबला आणि म्हणाला, "लावीन, पर हळू."

म्हातारी हसली. म्हणाली, ये मग. खोटं बोलणारा असता तर हे बी न्हाई म्हणला असता.

२५ मे

आज गेला. एक पेटी, एक गादी, केरबांनी दिलेला स्टोव्ह आणि ती भंगारातली मोटार. बाळासोनं बेकरीतून पाव आणले. मी म्हणालो, पोचलास की फोन कर. "हो" म्हणाला. साहेब म्हणाला नाही.

फोन आला नाही. रिक्षा उलटली असेल का, म्हातारीनं काही कुरबूर केली असेल का, एवढं सगळं मनात येऊन गेलं. संध्याकाळी केरबांना फोन केला तर म्हणाले, इथंच हाय की दुकानात, देऊ का? मी म्हणालो, नको.

१ जून

आज त्याला एकवीस पूर्ण. ही तारीख खरी कुणालाच माहीत नाही, तरी सकाळपासून चैन नाही. मॅडमनी त्याला शुभेच्छा पाठवल्या म्हणे. मी काय पाठवू? दोनदा मोबाइल उचलला, दोनदा ठेवला. त्यानं यायला पाहिजे होतं की मी जायला पाहिजे?

घरात नवीन पोरगा येतोय परवा. वाईकडचा. मॅडम म्हणाल्या, तयारी काय लागेल? मी म्हणालो, काही नाही. गादी टाकू. त्याला काय पाहिजे ते त्यालाच विचारू, आणि तो काही नाही म्हणाला तरी दोनदा विचारू.

१५ जून

गावाकडून ज्वारीचं पीठ आलं होतं. क्रांतीनं दोन पिशव्या बांधून दिल्या होत्या, एकीवर सूरज असं लिहिलेलं. निमित्त मिळालं. मिरजेला गेलो.

खोलीला कुलूप. आत आवाज नाही. मी दाराजवळ उभा राहिलो, खिडकीतून डोकावू की नको असं चाललं होतं, तेवढ्यात चंद्राबाई मागच्या दारातून आल्या. मला त्यांनी ओळखलं नाही. त्या दिवशी मी तोंड उघडलं नव्हतं ना. म्हणाल्या, "तुमी कोण त्याचं?"

सरळ प्रश्न. बाप नाही, चुलता नाही. साहेबही आता नाही, कारण तो कुणाचा शिपाई नाही. मी म्हणालो, ओळखीचा.  एवढं वाईट मला मैदानाच्या जाळीपाशीही वाटलं नव्हतं.

म्हातारीनं माझ्या मिशांकडं बघितलं. "सुभेदार का तुमी? मग तसं सांगा की. त्यानं चावी ठिवलीया तुमच्यासाटी. म्हणला, मी नसताना सुभेदार आलं तर उघडून द्या, त्यासनी उभं ऱ्हायची लय सवय हाय."

किल्ली हातात दिली. मी कुलपाला लावली, फिरवली, कुलूप निघालं. दार ढकलायला हात लावला आणि तसाच राहिलो. आतनं कडी लावता येईल अशी खोली त्याला पाहिजे होती. मी कुलूप पुन्हा लावलं, किल्ली म्हातारीला परत दिली. तिला वाटलं मी निघालो. मी पिठाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो.

वर्कशॉप सुटलं, माणसं सायकली घेऊन गेली. क्रांतीचा फोन आला. सूरजची वाट बघतोय म्हणालो. ती म्हणाली, बघा निवांत, आन मग घरी बी या दोन दिस. मी म्हणालो, येऊ का? ती म्हणाली, लगीन झाल्यापास्नं आज पहिल्यांदा इचारलंत.

दिवे लागायच्या वेळेला सूरज आला. हाताला तारेचं वार्निश, अंगात जुना शर्ट. मला बघून थबकला.

"आज्जीनं चावी दिली न्हाई?"

"दिली."

"मग?"

"तू नव्हतास."

तो माझ्या बाजूनं वर चढला, कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला. आत भांडी सरकवल्याचा आवाज आला, काहीतरी पटकन आवरत होता. मग दारात आला आणि म्हणाला, "या."

बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं. मी चपला बाहेर काढल्या आणि आत गेलो.